जहाजासाठी शोधलेले, गावाच्या कामाचे

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीपासून समुद्र दूर आहे, मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही भर समुद्रातल्या युद्धनौकेवरचा खलाशी आणि लोणीच्या शिवारातला शेतकरी यांची एक अडचण सारखीच आहे. मोठी जखम झाली, तर शस्त्रक्रियागृह जवळ नसते. नौकेवर डॉक्टर असला तरी साधने मोजकी असतात. लोणीतून मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे, तर आधी वाहन मिळावे लागते. म्हणूनच नौदलासाठी छोटे उद्योग आणि डॉक्टर मिळून काय शोधतात, याकडे आरोग्याच्या नजरेनेही पाहायला हवे.

अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा करून सरकारी खात्यांच्या संशोधन निधीतील काही हिस्सा छोट्या उद्योगांसाठी राखून ठेवला. भारतात संरक्षण मंत्रालयाची ‘आयडेक्स’ योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. निवड झालेल्या नवउद्योगाला तिच्यातून दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. जुलै २०२२ मध्ये नौदलाने याच वाटेने किमान ७५ नवी तंत्रे आणण्याचे ठरवले. पण नौदल आणि छोटे उद्योग एकत्र आले की काय होते, हे महाराष्ट्राने त्याआधीच, करोनाच्या साथीत पाहिले होते.

घाम बाहेर जाऊ देणारा पोशाख

२०२० च्या उन्हाळ्यात करोना कक्षातील डॉक्टर आणि परिचारिका अंगभर प्लास्टिकचा थर असलेला पोशाख घालून सहा-सहा तास उभ्या असत. आपले शरीर थंड राहते ते घाम सुकल्यामुळे. घाम सुकताना त्वचेची उष्णता बरोबर घेऊन जातो. प्लास्टिकच्या आत तो सुकत नाही, नुसता निथळतो. शरीरातले पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. मग डोके दुखते, चक्कर येते, हातून चुका होतात. वातानुकूलन नसलेल्या सरकारी रुग्णालयात हा त्रास आणखी वाढतो.

मुंबईत कुलाब्याला नौदलाचे ‘आयएनएचएस अश्विनी’ हे रुग्णालय आहे. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिनमध्ये सर्जन लेफ्टनंट कमांडर अर्णब घोष या डॉक्टरांनी ‘नवरक्षक’ नावाचा पोशाख तयार केला. त्याच्या कापडाला प्लास्टिकचा थर लागत नाही. त्यामुळे उष्णता आणि बाष्प बाहेर जाते. रक्त मात्र आत शिरत नाही.

दिल्लीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रक्त दाबाने कापडावर सोडून त्याची चाचणी झाली. या चाचणीत सहा पायऱ्या असतात. सरकारी अट किमान तिसऱ्या पायरीची होती, नवरक्षक सहावी पायरी पार झाला. सहाव्या पायरीवरचा दाब पाऱ्याच्या सुमारे १५० मिलिमीटर इतका असतो. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० च्या आसपास असतो. म्हणजे धमनीतून उडालेल्या रक्ताचाही मारा हे कापड सोसू शकते.

यातली दुसरी गोष्टही तितकीच मोलाची होती. या पोशाखाच्या शिवणीवर पट्टी चिकटवावी लागत नव्हती. त्यासाठी लागणारे महागडे आयात यंत्र नको होते. साधी शिलाई येणाऱ्या कारखान्यालाही तो शिवता येत होता. त्यामुळे राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने २०२० मध्येच या तंत्राचा परवाना पाच लघु-मध्यम उद्योगांना दिला. त्यांपैकी दोन मुंबईचे होते. पहिल्या वर्षात एक कोटी पोशाख शिवण्याचा या पाच उद्योगांचा इरादा होता.

रक्त थांबवणारी माती

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीची मोठी धमनी तुटली, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. रणांगणावर वाचवता आले असते अशा मृत्यूंचे मोठे कारण रक्तस्रावच असतो.

कनेक्टिकटमधील झेड-मेडिका या छोट्या कंपनीने झिओलाइट या खनिजाचे दाणे जखमेत ओतण्याचा उपाय आणला. झिओलाइटचे स्फटिक पुण्याच्या परिसरातल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांतही सापडतात. हे दाणे रक्तातले पाणी शोषतात आणि गुठळी लवकर होते. २००२ मध्ये त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नौदल खात्याच्या मरीन सैनिकांच्या पिशवीत ते जाऊन बसले.

पण पाणी शोषताना हे दाणे तापत. रक्त थांबे, पण काहींच्या जखमेत भाजल्याच्या इजा होऊ लागल्या. डॉक्टरांनी त्या नोंदवल्या आणि प्रसिद्ध केल्या. मग नौदलाच्या संशोधन निधीच्या मदतीने दुसऱ्या खनिजाचा शोध सुरू झाला आणि तो केओलिनवर, म्हणजे चिनी मातीवर, येऊन थांबला. केओलिन तापत नाही. रक्त गोठण्याची साखळी ते थेट सुरू करते. रक्त गोठण्याच्या एका नेहमीच्या प्रयोगशाळा तपासणीतही त्याचा वापर होतो. केओलिन लावलेली जाळीदार पट्टी २००८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या प्रथमोपचारात पहिल्या पसंतीची ठरली. पुढे तशा पट्ट्या नागरी रुग्णवाहिकांतही आल्या.

यात शिकण्यासारखे एवढेच, की पहिले उत्पादन सदोष होते आणि तो दोष कुणी लपवला नाही. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या माणसाने तो लिहून ठेवला, म्हणून दुसरे उत्पादन चांगले झाले.

आता रुग्ण उचलण्याचा प्रश्न

पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनीअरिंग या नवउद्योगाने माणूस वाहून नेणारे ‘वरुण’ ड्रोन नौदलासाठी तयार केले. जुलै २०२२ मध्ये ते दिल्लीत पंतप्रधानांसमोर दाखवण्यात आले. सुमारे १३० किलो वजन घेऊन २५ किलोमीटरच्या आसपास उडण्याची त्याची क्षमता सांगितली गेली. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर माणूस किंवा सामान नेणे हा त्याचा पहिला उपयोग, आणि दुर्गम भागातून रुग्ण हलवणे हा त्याच वेळी सांगितलेला दुसरा.

इथे मात्र घाई नको. रक्त गेलेला रुग्ण आडवा ठेवावा लागतो, उबदार ठेवावा लागतो, त्याच्या श्वासावर कुणाची तरी नजर लागते. एकट्या रुग्णाला उडत्या यंत्रात बसवण्याआधी या तिन्हींची उत्तरे मिळायला हवीत. रक्ताच्या पिशव्या आणि सर्पदंशावरची लस नेण्यापासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे.

तोपर्यंत आपल्या हातात

यंत्रे येतील तेव्हा येतील. कडबाकुट्टीत हात सापडला, कोयता लागला किंवा पुणे-नाशिक महामार्गावर अपघात झाला, तर पहिली दहा मिनिटे जवळच्या माणसाचीच असतात.

- स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोराने दाबा. जखम खोल असेल, तर कापड आत ठासून भरा आणि मग दाबा.
- किमान दहा मिनिटे दाब सोडू नका. थांबले का ते बघण्यासाठी कापड उचलू नका. भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा.
- हळद, चहापूड, तंबाखू किंवा चुना भरू नका. त्यांनी जंतुसंसर्ग होतो आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही.
- रुतलेली वस्तू उपटू नका. तिच्या बाजूंनी दाब द्या.
- हात किंवा पाय जवळजवळ तुटला असेल आणि दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल, तरच जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टी करकचून आवळा. वेळ लिहून ठेवा. ती पट्टी रुग्णालयातच सुटली पाहिजे.
- रुग्णाला आडवे ठेवा, पांघरूण घाला आणि त्याच वेळी दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.

केओलिनची पट्टीसुद्धा नुसती ठेवून चालत नाही. ती जखमेत भरून निदान तीन मिनिटे दाबून धरावीच लागते. नौदलाच्या खलाशाला हेच शिकवतात. लोणीच्या शाळेत दहावीच्या मुलांना ते शिकवायला एक तास आणि एक जुना पंचा पुरेल.