ढग गडगडले की चकली बाथरूममध्ये का जाते?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे हेडफोन घरी विसरून बसमध्ये नुसते वाचतायत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे उडवलेत.

आजचा विषय कोडिंग नाही, चकली आहे. चकली म्हणजे आमची इंडी कुत्री. साडेतीन वर्षांची, शेपूट गोल वळलेली, म्हणून चकली. एरवी सोसायटीतल्या बुलेटवर धावून जाणारी ही वाघीण ढग गडगडला की पार बदलते.

गेल्या वर्षीचा मे महिना. पुण्यातला वळीव कसा असतो माहितीये ना? दुपारभर अंगाची लाही, साडेचारला आभाळ काळं, आणि मग एकदम धिंगाणा. मी क्लायंट कॉलवर होतो. चकली धापा टाकत घरभर फेऱ्या मारत होती, लाळ गळत होती, मग ती माझ्या खुर्चीखाली घुसायला लागली. मी माइक म्यूट केला आणि तिच्यावर ओरडलो, "गप बस!" दोनदा. आई म्हणाली, "जवळ घेऊ नकोस हं, लाड केलेस तर अजून घाबरट होईल." म्हणून मी तिला पायानेच बाजूला सारलं. पाच मिनिटांनी बेल वाजली. पार्सल होतं. आईने दार उघडलं आणि चकली जी सुटली, ती चार मजले उतरून थेट गेटबाहेर.

साडेपाच तास शोधत होतो. रात्री साडेदहाला मागच्या गल्लीत एका बंद टपरीखाली सापडली. पुढच्या पायांची दोन नखं तुटली होती, अंग थरथरत होतं. मी हात पुढे केला तर मागे सरकली. माझ्यापासून. ते अजून डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी वाचलं, आमच्या व्हेटना विचारलं, वर्षभर करून बघितलं. त्यातलं जे कळलं ते सांगतो.

जवळ घेतल्याने भीती वाढते का?

नाही. बिस्किट दिलं की कुत्रं पुन्हा पंजा देतं, कारण पंजा देणं त्याच्या हातात आहे. घाबरणं नाही. विमान हलायला लागल्यावर शेजारच्याने तुमचा हात धरला, तर पुढच्या वेळी हात मिळावा म्हणून तुम्ही मुद्दाम घाबराल का?

2005 साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास आहे. गडगडाटाला घाबरणाऱ्या 19 कुत्र्यांना त्यांच्याच घरात वादळाचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. ते साधारण तिपटीवर गेलं. मालक कसा वागला याने त्यात फरक दिसला नाही. थोडक्यात, गोंजारल्याने भीती वाढत नाही, पण नुसत्या गोंजारण्याने ती उतरतही नाही.

म्हणून साधा नियम: ती जवळ आली तर येऊ द्या. लपली तर लपू द्या, ओढून बाहेर काढू नका. आणि ओरडू नका. ढगाची भीती असतेच, त्यात तुमची भर पडते.

तयारी आधीच

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. शिवाय त्यांना वारा, अंधार, पावसाचा वास हे सगळं एका साखळीत जोडता येतं. त्यामुळे आपल्याला पहिला गडगडाट ऐकू येतो तेव्हा चकलीचं वादळ केव्हाच सुरू झालेलं असतं.

इथे फोन कामाला येतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. तुमच्यापासून 20 ते 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का, ते त्यावर दिसतं. ॲप मुळात माणसांचे जीव वाचवण्यासाठी आहे, पण मला त्यातून चकलीसाठीही वेळ मिळतो.

तेवढ्या वेळात मी काय करतो? तिला पट्ट्यावर पटकन खाली नेऊन आणतो. दाराला आतून कडी. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दिवे चालू, म्हणजे विजेचा लखलखाट कमी जाणवतो. पंखा मोठा, टीव्ही चालू. आमच्या घरात बाथरूमला बाहेरची भिंत नाही, म्हणून तिथे आवाज सगळ्यात कमी येतो. चकलीने ती जागा स्वतःच निवडली होती, आणि आम्ही मूर्खासारखे तिला बाहेर काढत होतो. आता तिथे तिची सतरंजी, पाण्याचं भांडं, आणि दार कायम उघडं. दार लावलं तर ते खरवडून ती नखं तोडून घेईल. गळ्यातल्या पट्ट्यावर आमचा फोन नंबरही आलाय.

गडगडाट चालू असताना

प्रत्येक गडगडाटानंतर लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग चिकन. म्हणजे आवाज ही चिकनची वर्दी होते. पावलोव्हची घंटा शाळेत शिकलोय, तेच.

स्वित्झर्लंडमधल्या एका संशोधिकेने फटाक्यांच्या भीतीबद्दल 1,200 हून जास्त कुत्रेपालकांना विचारलं होतं. आवाजानंतर खाऊ देणं किंवा खेळणं ज्यांनी करून बघितलं, त्यांच्यातल्या 70 टक्क्यांहून जास्त लोकांना फायदा दिसला. फटाके वेगळे आणि ढग वेगळे, पण दिवाळीत हे कामाला येईलच.

ती खात नसेल तर समजा भीती फार चढलीय. मग तोंडात कोंबू नका, नुसते शेजारी बसा.

कोरड्या दिवसांतला सराव

पुण्यात वळीव मार्च ते मे, आणि परतीच्या पावसात पुन्हा विजा. म्हणून सराव डिसेंबर ते फेब्रुवारीत, खरा ढग मध्ये येण्याची शक्यता कमी असते तेव्हा. गडगडाटाचं रेकॉर्डिंग इतक्या बारीक आवाजात लावायचं की तिचे फक्त कान हलतील. सोबत चिकन. पाच मिनिटं, बस. काही दिवसांनी आवाज एक घर वर. खाणं थांबवलं तर दोन घरं खाली.

फोनचा स्पीकर वापरू नका. ढगाचा तो खोल, छातीत घुमणारा आवाज एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाही. मोठा स्पीकर घ्या. आणि तरीही त्यात ना वीज असते, ना वारा. टेस्ट सर्व्हरवर चाललं म्हणून प्रॉडक्शनवर चालेलच असं नाही, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको.

डॉक्टरकडे कधी?

कुत्रं स्वतःला इजा करत असेल, पळून जात असेल किंवा वादळ संपल्यावरही तासन्‌तास सावरत नसेल, तर थांबू नका. वादळाआधी देण्याची औषधं असतात, आणि ती देणं म्हणजे हार नव्हे. पण औषध भीती कमी करतंय की फक्त अंग सुस्त करतंय, हे डॉक्टरांना नक्की विचारा. काही औषधांनी कुत्रं पडून राहतं आणि आतून तेवढंच घाबरलेलं असतं. घरातली माणसांची गोळी कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसुद्धा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

मोठ्या वयात अचानक भीती सुरू झाली तर सांधे, पाठ तपासून घ्या. 2018 मध्ये 20 कुत्र्यांवरचा एक छोटा अभ्यास आला होता. त्यात अंगात दुखणं असलेल्यांची आवाजाची भीती उशिरा सुरू झालेली आढळली. दचकल्यावर स्नायू आखडतात, दुखतं, आणि आवाजाशी ते दुखणं जोडलं जातं, असं संशोधकांना वाटतं.

आणि चकली?

या मे महिन्यात चार वाजता दामिनीवर वीज दिसली. मी टीमला सांगितलं, "दहा मिनिटं द्या." चकली बाथरूममध्ये गेली. थरथरली, अजूनही थरथरते. पहिल्या दोन गडगडाटांना चिकनकडे बघितलंही नाही. तिसऱ्याला खाल्लं. आई बाहेर पाटावर बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "लाड नको" म्हणणारी तीच आई. मी काही बोललो नाही.

तर मंडळी, तुमच्या घरचं कुत्रं ढगांना घाबरत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडला ऐकवू. आणि पावसात बेल वाजली तर आधी कुत्रं कुठंय ते बघा, मग दार उघडा.