शेवटच्या मेदिची राजकन्येचा करार

फ्लॉरेन्सचे मेदिची मूळचे सावकार. प्रजासत्ताकाच्या काळातच पैशाच्या बळावर त्यांनी शहर ताब्यात घेतले. पुढे ते ड्यूक झाले आणि १५६९ मध्ये पोपने कोझिमो मेदिचीला टस्कनीचा ग्रँड ड्यूक हा किताब दिला.

१७३७ मध्ये घराण्यातला शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने निपुत्रिक वारला. त्याची गादी लॉरेनच्या फ्रान्सिसला द्यायची, हे युरोपातल्या बड्या सत्तांनी तो हयात असतानाच ठरवून टाकले होते. बहीण आना मारिया लुईझा हिला राज्य मिळाले नाही. मात्र घराण्याची चित्रे, पुतळे, ग्रंथ आणि जवाहीर तिच्याकडे आले. ते सारे तिने त्याच वर्षी करार करून नव्या घराण्याला दिले. अट एकच, पण पक्की: यातले काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये.

या अटीचे मोल मांटुआकडे पाहिले की कळते. तिथल्या गोंझागा ड्यूकांनी आपला अप्रतिम चित्रसंग्रह इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला. चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर तो संग्रह पुन्हा विकला गेला आणि युरोपभर विखुरला.

मेदिचींमध्ये पराक्रमी पुरुष अनेक झाले. फ्लॉरेन्सवर सर्वांत मोठे उपकार मात्र या निपुत्रिक विधवेचे आहेत. ती १७४३ मध्ये वारली. १७६९ मध्ये मेदिचींचा हा कलासंग्रह जपणारे फ्लॉरेन्समधले उफ्फीत्सी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.