मुनीमजींच्या नावाचे पान

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीच्या बाजारपेठांत जैन व्यापाऱ्यांच्या अनेक पेढ्या आज तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती आहेत. उधारीची पै न् पै वहीत उतरते. परंतु वीस वर्षे गल्ल्याशेजारी बसणाऱ्या मुनीमजींच्या सेवेची नोंद मात्र क्वचितच आढळते.

‘तो तर घरचाच माणूस’ ही भावना खोटी नसते. आजारपणात औषधपाणी, मुलीच्या लग्नात हातभार, हे सारे शेठ आपुलकीने करतात. वाद उद्भवतो तो निरोपाच्या वेळी. आपुलकीने दिलेल्या रकमेची पावती कोणी घेतलेली नसते आणि ती रक्कम पगारापोटी होती की मदत म्हणून, हे ठरविणे मग तिसऱ्याच्या हाती जाते.

21 नोव्हेंबर 2025 रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील वेतन संहिता एकच नोकर असलेल्या दुकानालाही लागू आहे. वेतन थकल्याचा दावा झाला, तर ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते आणि असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. म्हणजे रोखीने, विनासही दिलेला पगार कायद्याच्या दृष्टीने न दिल्यासारखाच ठरू शकतो. नोकराने राजीनामा दिला किंवा त्याला काढले, तर त्याचे राहिलेले वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते. ‘दिवाळीनंतर बघू’ हे जुने उत्तर आता चालणारे नाही.

सर्वांत मोठा धक्का बसतो तो ग्रॅच्युइटीचा. मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा माणसे कामावर असली, तरी दुकान या तरतुदीखाली येते. पुढे संख्या घटली तरी सुटका नाही. हंगामात पर्यटकांची गर्दी वाढली म्हणून ठेवलेली दोन-तीन मुले अशी महागात पडू शकतात! पाच वर्षे सलग सेवा झालेल्या कायम नोकराला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते आणि महिना सव्वीस दिवसांचा धरला जातो. समजा, मुनीमजींचे अखेरचे वेतन 13,000 रुपये आणि सेवा वीस वर्षांची. एका दिवसाचे 500, पंधरा दिवसांचे 7,500, वीस वर्षांचे 1,50,000 रुपये. ही रक्कम तीस दिवसांत द्यायची असते. दरवर्षी 7,500 रुपये बाजूला ठेवणारी पेढी डगमगत नाही, पगारवाढ झाली की थोडी भर घातली म्हणजे झाले. न ठेवणारीला मात्र ऐन मंदीत कर्ज काढावे लागते. संपूर्ण कायद्यातील हा एकच भाग घरात बसून, पेन्सिलीने, आजच मोजता येण्याजोगा आहे.

नेमणूकपत्र, हजेरीपट आणि सहीसह वेतनपावती यांसाठी वकील लागत नाही. पगार बँकेत जमा केला तर निम्मे काम आपोआप होते.

सुट्ट्यांचा प्रश्न कोकणात विशेष नाजूक. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला आठ भरपगारी सणांच्या सुट्ट्या आहेत; 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक व कामगारांनी मिळून ठरवावयाच्या. ही तरतूद पूर्वी दहा कामगारांच्या दुकानांना होती, 2025 मध्ये ती मर्यादा वीसवर नेण्यात आली. त्याहून लहान दुकानांवर सक्ती नसली तरी रीत म्हणून ती स्वीकारण्याजोगी आहे. श्वेतांबरांची संवत्सरी आणि दिगंबरांचे दशलक्षण पर्व नेमके गणेशोत्सवाच्या दिवसांत येते. शेठ उपवासात, कामगार गावी आरतीला, आणि दुकानासमोर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची रांग. भाद्रपदात ऐनवेळी चिडचिड होण्यापेक्षा, या चार दिवसांच्या यादीवर जानेवारीतच दोघांच्या सह्या झालेल्या बऱ्या.