दुसऱ्या मालकाची गाडी

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशाबाहेरही गाजला. पुढे २०२२ मध्ये याच शहरातल्या उद्योजकांनी ‘मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने विजेवरच्या मोटारींची घाऊक नोंदणी केली. रीत तीच होती. मागणी गठ्ठ्याने नोंदवायची आणि कंपनीकडून चांगल्या अटी मिळवायच्या. छत्रपती संभाजीनगरला गाड्यांची हौस आहे आणि मिळून खरेदी करण्याची हिंमतही आहे, हे दोन्ही वेळा दिसलं.

विजेच्या मोटारींबद्दलची आपली चर्चा मात्र याच वर्गाच्या अवतीभवती अडकून पडली आहे. नवं मॉडेल कोणतं आलं, एका चार्जमध्ये किती पळतं, ऑन-रोड किंमत किती. शहराच्या पश्चिमेला, नगर रस्त्यालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाजनगर ही कामगारांची वस्ती आहे. तिथे यातला एकही प्रश्न पहिला येत नाही. तिथे चारचाकी बहुतेकदा शोरूममधून येत नाहीच. कंपनीत दहा-बारा वर्षं काढल्यावर, दुचाकीचे हप्ते फिटल्यावर, दिवाळीचा बोनस आणि भिशीचे पैसे जोडून एखादी अल्टो, वॅगन आर किंवा स्विफ्ट घेतली जाते. ती पुण्याकडची, एमएच-१२ किंवा एमएच-१४ पासिंगची असते आणि आरसी बुकावर हा दुसरा, कधी तिसरा मालक असतो. देशभरातही हेच चित्र आहे. २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे ४३ लाख नव्या प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. जुन्या गाड्यांचे व्यवहार त्याहून जास्त होतात. त्या ४३ लाखांत विजेच्या मोटारी शंभरामागे अडीच-तीनच होत्या. विजेची मोटार आपल्या सवयी बदलणार की नाही, याचा निकाल माझ्या मते नव्या गाडीच्या दुकानात लागणार नाही. तो दुसऱ्या मालकाच्या दारात लागेल.

जुनी पेट्रोल गाडी कशी पारखायची हे आपल्याकडे पिढ्यांना ठाऊक आहे. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा. तो सकाळी थंड इंजिन सुरू करून आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर कोणत्या रंगाचा आहे ते पाहतो, ऑईलचं झाकण उघडून वाफा येतात का तपासतो, क्लच किती वर धरतो ते बघतो, बॉनेटच्या कडांवरून अपघाताची डागडुजी ओळखतो. अर्ध्या तासात तो किंमत सांगतो आणि ती सहसा बरोबर असते. विजेच्या गाडीपुढे या माणसाचं सारं कसब निरुपयोगी ठरतं. मोटर वर्षानुवर्षं झिजत नाही, धूर नाही, आवाज नाही. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जिच्यात अडकलेला असतो ती बॅटरी पायाखाली सीलबंद असते.

बॅटरीचं म्हातारपण किलोमीटरच्या आकड्यावरून कळत नाही. मराठवाड्याच्या ४२ अंशांच्या उन्हात गाडी रोज पत्र्याच्या शेडखाली उभी होती की झाडाखाली, ती नेहमी शंभर टक्के भरून ठेवली जायची का, घरी सावकाश चार्ज व्हायची की हायवेवरच्या वेगवान चार्जरवर, यावर ते ठरतं. दोन सारख्या गाड्या, सारखेच ४० हजार किलोमीटर, आणि आतली परिस्थिती निराळी, असं होऊ शकतं. पारख करता येत नाही, म्हणून घेणारा घाबरतो आणि भाव पाडून मागतो. कर्ज देणाऱ्यालाही पाच वर्षांनी या गाडीचं काय उरेल याचा अंदाज नसतो, त्यामुळे तोही हात आखडता घेतो.

भाव पडण्याचं दुसरं कारण चांगल्या बातमीतूनच आलं आहे. बॅटरी झपाट्याने स्वस्त होते आहे. २०१० मध्ये एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेला जागतिक सरासरी दर २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्हीच्या किमती १ लाख २० हजारांपर्यंत आणि टियागो ईव्हीच्या ७० हजारांपर्यंत उतरवल्या. आदल्या महिन्यात गाडी घेतलेल्याची गाडी एका रात्रीत तेवढ्याने जुनी झाली. एक काळ असा होता, की बजाजच्या चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे आणि वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा जास्त भावाने विकली जाई. वाहन म्हणजे ठेव, विकायला काढलं तर पैसे परत, हा आपल्या घरांतला विश्वास त्या दिवसांपासूनचा आहे. विजेच्या मोटारीला तो विश्वास अजून मिळालेला नाही.

कंपन्यांनाही हे कळतं, म्हणून मालकीचीच फोड करून विकण्याचे प्रयोग सुरू झाले. एमजी मोटरने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर बाजारात आणली तेव्हा गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरी भाड्याने, किलोमीटरमागे साडेतीन रुपये, असा पर्याय दिला. तीन वर्षांनी साठ टक्के किमतीला गाडी परत घेण्याची हमीही होती. पुढे बॅटरीला आजीवन वॉरंटी देण्याची चढाओढ लागली. टाटाने २०२५ मध्ये हॅरियर ईव्हीपासून ती दिली. वॉरंटीतलं बारीक अक्षर मात्र आपल्या लोकांनी वाचायलाच हवं. ‘आजीवन’ हा शब्द पहिल्या मालकापुरता आहे. गाडी विकली, की पुढच्याला वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागते. ज्याच्याजवळ नवी घ्यायला पैसे आहेत त्याला जोखमीपासून पुरतं संरक्षण आणि ज्याच्याजवळ कमी आहेत त्याला अर्धवट, ही मांडणी मला अन्यायाची वाटते.

तरीही, नीट पाहिलं तर दुसऱ्या मालकाला यात मोठी संधी आहे. महिन्याला ६०० किलोमीटर चालवणाऱ्या घराचा हिशेब करू. पेट्रोल शंभरीपार, गाडी देते पंधरा. म्हणजे किलोमीटरला सात रुपये. विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, घरच्या विजेवर तो खर्च दोन रुपयांच्या आत बसतो. महिन्याला तीन हजार वाचले. पण नव्या गाडीच्या किमतीतला दोन-तीन लाखांचा फरक एवढ्यातून फिटायला पाच ते आठ वर्षं जातात. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि विजेच्या गाड्यांचा ५ टक्क्यांवरच राहिला, त्यामुळे नव्या गाड्यांतलं अंतर आणखी वाढलं. चार वर्षं वापरलेली, निम्म्या भावाला मिळणारी, वॉरंटीची चार वर्षं शिल्लक असलेली विजेची गाडी मात्र याच घराला पहिल्या महिन्यापासून परवडते. पहिल्या मालकाने सोसलेली घसरण दुसऱ्याच्या पदरात पडते, फक्त बॅटरी कशी आहे हे त्याला खात्रीने कळलं पाहिजे.

आणि चार्जिंगची जागा हवी. बजाजनगरात एमआयडीसीच्या प्लॉटवरची रो-हाऊसेस आहेत. तळमजल्यावर मालक, वर खोल्या काढून भाडेकरू. रांजणगाव शेणपुंजीकडे गेलं तर दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगाच आहेत. मालकाच्या दारात गाडी उभी राहते, ओट्यावरून १५ अँपिअरचा सॉकेट काढला की झालं. भाडेकरूची गाडी रस्त्यावर असते आणि त्याचा सबमीटर घरमालकाच्या मर्जीवर. महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटांचे टप्पे ओलांडले की दर चढतो, तेव्हा दोघांच्या बिलांचा गुंता वाढतो तो वेगळाच. सार्वजनिक वेगवान चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या आसपास किंवा वर पडतात आणि बचत बरीच कमी होते. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे, नव्या निवासी इमारतींच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय असावी असंही म्हटलं आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या हाती यातून फारसं काही येत नाही. फ्रान्समध्ये भाडेकरूलाही स्वखर्चाने चार्जिंग पॉइंट बसवण्याचा हक्क कायद्याने आहे. आपल्याकडे त्याची गरज आधी कामगार वसाहतींना आहे.

सगळ्यात आधी हिशेब जमेल तो ‘कंपनीत गाडी लावणाऱ्यांचा’. सिडको, गारखेड्यातून स्टाफला वाळूजला आणणं-सोडणं, रोजचा ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, रात्री गाडी एका जागी. दिवसाला शंभर किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पेट्रोलच्या तुलनेत बारा हजारांच्या पुढे वाचतात, म्हणजे जवळजवळ हप्ताच निघतो. सीएनजीशी तुलना केली तर फरक बराच कमी होतो, पण उरतो. याच गाड्या पाच वर्षांनी जुन्या बाजारात येतील आणि बजाजनगरातल्या घरांना बहुधा त्याच मिळतील, दीड लाख किलोमीटर पळालेल्या आणि वॉरंटी संपत आलेल्या.

इथे खरेदीदाराची गोष्ट संपत नाही, कारण इथला खरेदीदार गाडीचे भागही बनवतो. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज प्रकल्पाचं उद्घाटन झालं. त्याच्याभोवती एन्ड्युरन्स, व्हॅरॉक, बडवे यांच्यासारखे पुरवठादार वाढले, त्यांच्याभोवती शेकडो छोटी वर्कशॉप, आणि या सगळ्यांच्या शिफ्टवर बजाजनगर उभं राहिलं. बीड, जालना, परभणी, बुलढाण्याकडून आलेल्या कुटुंबांचा पगार पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, क्लच, गिअर, सायलेन्सर यांत गुंतला. विजेच्या गाडीत यातलं जवळपास काहीच लागत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, चाकं, दिवे, वायरिंग, सीट, प्रेस पार्ट मात्र लागतात, आणि मोटर-बॅटरीच्या आवरणांसाठी अॅल्युमिनियम डाय कास्टिंगही. मोठ्यांनी दिशा पकडली आहे. एन्ड्युरन्सने २०२२ मध्ये बॅटरी व्यवस्थापन प्रणाली बनवणाऱ्या मॅक्सवेल कंपनीतला बहुतांश हिस्सा घेतला, व्हॅरॉक विजेच्या गाड्यांच्या मोटर आणि कंट्रोलरमध्ये उतरली. चिंता आहे ती दोन-चार सीएनसी मशिनवर एकाच कंपनीचा एकच इंजिन पार्ट जॉबवर्कने काढणाऱ्याची. त्याच्याकडे संशोधनाला पैसा नाही आणि मशिनचं कर्ज बाकी आहे.

दुसऱ्या टोकाला, पैठण रस्त्यावरच्या बिडकीनमध्ये ऑरिक या औद्योगिक नगरीच्या जमिनीवर नव्या कारखान्यांची रांग लागली आहे. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्याशी सुमारे २० हजार कोटींचा करार केला, जेएसडब्ल्यूचा २७,२०० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, एथरने स्कूटरच्या कारखान्यासाठी हीच जागा निवडली. हायब्रिड आणि विजेच्या गाड्या इथूनच निघतील. वाळूजच्या कामगाराला तिथे शिरायचं तर उच्च दाबाच्या बॅटरीचं, इलेक्ट्रॉनिक्सचं प्रशिक्षण हवं, आणि ते चाळिशीतल्या कंत्राटी माणसालाही मिळायला हवं. फक्त आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या पोरांना देऊन भागणार नाही.

गॅरेजवाल्यांचंही तेच. बॅटरी तपासणारं यंत्र आणि ते वाचण्याचं शिक्षण त्यांच्या हाती आलं, तर आज सायलेन्सरचा धूर पाहणारा माणूसच उद्या बॅटरीत किती जीव उरला ते सांगेल, आणि लोक त्याच्यावर पूर्वीसारखा भरवसा ठेवतील. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या मोटारींच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतो आहे. आपल्याकडे त्याची वाट न पाहताही सुरुवात करता येईल. गाडी नावावर करताना आरटीओत विम्याचे कागद आणि पीयूसी मागतात, तसाच विजेच्या गाडीसाठी अधिकृत केंद्राचा बॅटरी-अहवाल मागावा, तो आरसीला जोडावा, आणि वॉरंटीची उरलेली वर्षं नव्या मालकाच्या नावावर आपोआप चढावीत. तोवर जुनी विजेची गाडी बघायला जाणाऱ्याने तीन कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नये: सर्व्हिस सेंटरचा गेल्या महिन्याभरातला बॅटरी-अहवाल, वॉरंटी हस्तांतराचं कंपनीचं पत्र आणि बॅटरी भाड्याची असेल तर तिच्या कराराची प्रत.