बोकड म्हणजे अर्धा कळप

कॉलेजच्या बाकावर बसून शेळीपालनावर लेख लिहिणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, असे कोणी म्हणेल. पण माझे बालपण शेरडा-करडांतच गेले. आमची दोन एकर कोरडवाहू जमीन आणि दावणीला पाच शेळ्या. माझी पहिल्या वर्षाची फी एका बोकडाच्या पैशांतून भरली गेली. त्या फीची खरी किंमत काय पडली, हे पुढे कळले. तेच या लेखात सांगायचे आहे.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. भांडवल थोडे, जागा थोडी, आणि चाऱ्याची फारशी कुरकुर नाही. 'आडु मुट्टद सोप्पिल्ल', म्हणजे शेळीने तोंड लावला नाही असा पाला नाही, असे आपले कन्नड शेजारी म्हणतात ते उगीच नव्हे. मात्र मांसासाठी पाळलेल्या शेळीचे उत्पन्न दोनच गोष्टींवर ठरते : किती करडे जगली आणि ती किती वजनाची झाली.

चूक कोठे झाली?

आमच्या मोरी शेळीला जुळे बोकड झाले होते. थोरला दणकट, धाकटा हडकुळा. बकरी ईदच्या आधी व्यापारी आला आणि थोरल्याला चांगला भाव देऊन गेला. धाकट्याला कोणी विचारले नाही, म्हणून तो राहिला. आणि राहिला म्हणून तोच कळपाचा बाप झाला. कळपात त्याची आई होती, बहिणीही होत्या. पुढच्या वेताची करडे लहान निपजली. एक मेलेलेच जन्मले, दुसऱ्याला उभे राहून आचळ धरता येईना. आजी म्हणाली, "कुणाची तरी नजर लागली." पशुवैद्यक डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, बोकड कुठला?" आजी म्हणाली, "घरचाच की! घरात बोकड असताना भाईर कशाला जायचं?"

डॉक्टरांनी समजावले ते असे. प्रत्येक करडात निम्मे गुण आईचे, निम्मे बापाचे. एक शेळी दोन वर्षांत चार-पाच करडे देईल; पण त्याच काळात एक बोकड कळपातल्या सगळ्याच करडांचा बाप होतो. म्हणून बोकड म्हणजे अर्धा कळप. आपण मात्र उत्तम नर विकतो आणि न खपणारा पैदाशीला ठेवतो. म्हणजे निवड करतोच, पण उलटी.

त्यात नात्यातला संयोग. प्रत्येक प्राण्यात काही दोष दबलेले असतात. एकाच दोषाची प्रत आईकडून आणि बापाकडूनही आली, की तो उघड होतो. आई-लेक, बाप-लेक किंवा सख्खी भावंडे यांच्या पिल्लात कोणत्याही गुणाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के असते. करडे अशक्त होणे, मरणे, वजन न भरणे हे त्याचेच फळ.

बोकड कसा निवडावा?

धाराशिव-लातूर भागातली काळी उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. नगर-नाशिककडे संगमनेरी, आपल्या कर्नाटकात बिदरी. चांगल्या जातीचा बोकड मिळाला तर उत्तमच. पण गावठी कळपही निवडीने सुधारतो. त्यासाठी एवढे पाळावे :

१. लागोपाठ दोन वेतांत जुळी देऊन ती जगवणाऱ्या शेळीचाच नर निवडावा. काटा लावून तीन महिन्यांचे वजन पाहावे. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नये.

२. बाकीचे नर तिसऱ्या महिन्यातच वेगळे करावे किंवा खच्ची करून घ्यावे. चार महिन्यांचा नरही शेळी गाभण ठेवू शकतो.

३. बोकडाच्या मुली माजावर येण्याआधी त्याची दुसऱ्या गावातल्या बोकडाशी अदलाबदल करावी. साधारण सव्वा वर्षात ही वेळ येते.

४. बाहेरून आणलेला बोकड तीन आठवडे वेगळा बांधावा, नाहीतर त्याच्याबरोबर रोगही येतो.

एक बोकड २० ते २५ शेळ्यांना पुरतो. पाच शेळ्यांच्या धन्याला तो एकट्याने पोसणे परवडत नाही, तेव्हा चार घरांनी मिळून एक ठेवावा.

गाभण शेळी आणि करडू

शेळी दर १८ ते २१ दिवसांनी माजावर येते आणि सुमारे १५० दिवस गाभण राहते. व्यवस्था नीट असेल तर दोन वर्षांत तीन वेत मिळतात. पाट मात्र वर्षाची होईपर्यंत, वजन भरल्याशिवाय, भरवू नये. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. तेव्हा रोज पाव किलो खुराक द्यावा. शेवरी, हादगा बांधावर लावता येतात. सुबाभूळ चालतो, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको.

करडू जन्मले की नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे आणि तासाभरात चीक पाजावा. जार पडेपर्यंत थांबू नये. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी २०० ग्रॅम चीक, तीन-चार वेळा विभागून, मिळालाच पाहिजे. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, तीन महिन्यांवरील करडांना पीपीआरची लस आणि जंतांचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. खानापूरसारख्या पावसाच्या भागात गोठ्याची जमीन कोरडी ठेवणे हेच अर्धे औषध.

हिशेब

पाच शेळ्या, दोन वर्षांत तीन वेत, वेताला सरासरी दीड करडू धरले तर साडेबावीस करडे होतात. पाचांतले एक दगावले तर १८ उरतात. हलक्या बोकडामुळे प्रत्येकाचे वजन तीनच किलो कमी भरले, तरी ५४ किलो गेले. माझ्या फीसाठी विकलेला बोकड एवढ्या वजनाचा नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून दुसऱ्या गावचा बोकड आणला. यंदा व्यापारी आला आणि नेमका सर्वांत थोराड करडाजवळ उभा राहिला. आजी म्हणाली, "तो सोडून बोला." तो करडू आता दुसऱ्या गावच्या कळपात जाणार आहे, आणि तिथला आमच्याकडे.

ज्यांच्या घरी शेळ्या आहेत, त्या मित्र-मैत्रिणींनी सुट्टीत घरी गेल्यावर एवढेच विचारावे : आपला बोकड कुठला?