वृद्धांची दृष्टी आणि पेशीतील ऊर्जाकेंद्रे

मुखेड, किनवट, औसा किंवा निलंगा तालुक्यातील खेड्यात वृद्ध माणसाला दिसेनासे झाले, की घरोघरी एकच निदान केले जाते: मोतीबिंदू. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु शस्त्रक्रियेने भिंग बदलल्यानंतरही समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, पोथीतील ओळी वाकड्या दिसतात, असे काही वृद्ध सांगतात. कडेचे दिसते, नेमके मधले दिसत नाही. हा दोष भिंगाचा नसून दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूचा असू शकतो.

पीतबिंदूतील प्रकाशग्राही पेशींना अखंड ऊर्जा लागते. त्यांच्यामागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकेरी थर असतो. तो त्यांना पोषण पुरवितो आणि त्यांचे झिजलेले अंश दररोज पचवितो. या श्रमाची ऊर्जा तंतुकणिकांतही तयार होते. तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी अवघ्या १३ प्रथिनांचा आराखडा तिच्या स्वतःच्या जनुकांत असतो, उरलेली केंद्रकाच्या आदेशाने बाहेर तयार होऊन आत येतात. ऊर्जानिर्मितीत प्राणवायूची विध्वंसक रूपेही निपजतात. त्यांना निष्प्रभ करणारी आणि बिघडलेली प्रथिने मोडून टाकणारी प्रथिनेही तेथेच काम करतात. वयोमानाने ही व्यवस्था दुबळी होते, पेशींच्या थराखाली मळ साचतो आणि पेशी मरू लागतात.

अमेरिकेतील मिनेसोटा येथे मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांवर झालेले संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. विकाराच्या टप्प्यागणिक तंतुकणिकांतील काही प्रथिनांचे प्रमाण बदललेले त्यात आढळले. ऊर्जारेणू घडविणाऱ्या प्रथिनाचे घटकही त्यांत होते. हे बदल विकाराचे कारण की परिणाम, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. तेव्हा ‘पेशींना शक्ती देणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींवर वृद्धांनी पैसा न घालविणेच बरे. विडी-सिगारेट सोडणे मात्र निश्चित हिताचे. धूम्रपानाने हा विकार बळावतो, हे सिद्ध झाले आहे.

विकाराचा कोरडा प्रकार संथ असतो. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात आणि काही आठवड्यांतच दृष्टी जाऊ शकते. डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी तो रोखता येतो. पण पुढच्या शिबिराची वाट पाहत बसल्यास ती संधी निघून जाते. येथे शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरेल. गणिताच्या चौकटीच्या वहीत मध्यभागी ठिपका काढावा. वृद्धाने वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून त्याकडे पाहावे. रेषा वाकड्या वा तुटक दिसल्यास विलंब न करता नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या नेत्रविभागात दाखवावे.

नेत्रदानाविषयीही एक गैरसमज आढळतो. पीतबिंदूचा विकार असलेल्या व्यक्तीलाही नेत्रदान करता येते, कारण प्रत्यारोपणासाठी डोळ्याच्या पुढील बाजूचे पारपटल लागते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढून घ्यावे लागत असल्याने नेत्रपेढीला तात्काळ कळविणे आवश्यक असते.