टपावरचा अँटेना आणि तीन फुटांचे अंतर

मेळघाटातल्या रस्त्यांवर मोबाइलचे नेटवर्क एखाद्या वळणावर जाते आणि पुढे बराच वेळ परत येत नाही. अशा भागात वनखात्याच्या गाडीला भरवसा असतो तो डॅशबोर्डखाली बसवलेल्या वायरलेस संचाचा. कोळसा खाणीतले डंपर, पोलिसांच्या गस्तीच्या गाड्या, अग्निशमन दलाचे बंब आणि परवाना काढून आपल्या गाडीत संच बसवणारे हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक, या सगळ्यांचे बोलणे अशाच संचांवर चालते. मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नाही आणि रिचार्जचीही नाही. बटन दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे.

मनोरा जवळ नसल्याची भरपाई मात्र शक्तीने करावी लागते. हातातला फोरजी मोबाइल जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास शक्तीने प्रक्षेपण करतो. वॉकी-टॉकी साधारण ५ वॅटचा असतो आणि गाडीत बसवलेला संच २५ ते ५० वॅटचा, म्हणजे मोबाइलच्या सव्वाशे ते अडीचशे पट. एवढी रेडिओऊर्जा माणसे बसलेल्या, इंधन भरलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक्सने खच्चून भरलेल्या वाहनातून बाहेर पाठवायची, तर ती कुठून जाते आणि वाटेत कशावर आदळते याचा विचार बटन दाबण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा. माझे स्पष्ट मत आहे की वाहनातल्या वायरलेसची बहुतेक सुरक्षितता तो बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हातात असते. वापरणाऱ्याच्या वाट्याला थोडीच उरते, पण ती दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

लोक पहिल्यांदा विचारतात ते रेडिएशनबद्दल. १५० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीतल्या एका फोटॉनची ऊर्जा ही अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी असते. त्यामुळे क्ष-किरणांमुळे पेशींना होते तशी इजा या लहरी करू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात ठेवले आणि त्यावरचे संशोधन अजून चालू आहे. निर्विवादपणे सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती तापणे. शरीरात बहुतेक ठिकाणी रक्त ही उष्णता वाहून नेते. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून डोळ्यांजवळ जास्त जपावे लागते.

यात उंचीचाही संबंध आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. उभा माणूस हा स्वतःच एक अँटेना असतो. लहरीची लांबी उंचीच्या साधारण अडीचपट असली की शरीर सर्वांत जास्त ऊर्जा शोषते. पावणेदोन मीटर उंचीच्या माणसासाठी ही वारंवारता ७० मेगाहर्ट्झच्या आसपास येते आणि एक मीटर उंचीच्या मुलासाठी १२० च्या आसपास. गाड्यांतले व्हीएचएफ संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. म्हणजे जीपभोवती कुतूहलाने गोळा झालेली पोरे त्या पट्ट्याला मोठ्या माणसांपेक्षा जवळची आहेत. गावात गाडी थांबवून संदेश देणाऱ्याने आधी मुलांना बाजूला करावे असे मी म्हणतो, त्याचे कारण हे आहे.

आंतरराष्ट्रीय मर्यादाही याच कारणाने ३० ते ४०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान कडक ठेवलेल्या आहेत. सर्वसामान्य लोकांसाठी ती दर चौरस मीटरला २ वॅट आहे आणि कामाचा भाग म्हणून या लहरींजवळ वावरणाऱ्या प्रशिक्षितांसाठी १० वॅट. आता २५ वॅटचा संच घेऊ. निम्मा वेळ बोलणे आणि निम्मा वेळ ऐकणे धरले, तर सरासरी साडेबारा वॅट होतात. साधा उभा अँटेना आडव्या दिशेला ऊर्जा थोडी एकवटतो, म्हणून १.६ ने गुणायचे, की २० वॅट येतात. ही ऊर्जा गोलाच्या पृष्ठभागावर पसरली असे मानले, तर दर चौरस मीटरला २ वॅट ही पातळी अँटेनापासून सुमारे ९० सेंटीमीटरवर येते. ‘प्रक्षेपण चालू असताना अँटेनापासून तीन फूट दूर राहा’ या सूचनेमागे असे गणित आहे. ५० वॅटच्या संचाला हे अंतर दुप्पट होत नाही. ते वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते आणि सव्वा मीटरच्या किंचित पुढे जाते. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. अँटेनाच्या अगदी जवळ विद्युतचुंबकीय क्षेत्र वेगळे वागते, त्यामुळे संचासोबतच्या पुस्तिकेत दिलेले अंतर अखेरचे मानावे.

मग आतल्या माणसांचे काय? टपावर ठोकलेल्या अँटेनापासून चालकाचे डोके तीन फुटांपेक्षाही जवळ असू शकते. इथे गाडीचे लोखंडी छत मदतीला येते. १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांबीची असते आणि तिचा पाव भाग, म्हणजे अर्ध्या मीटरची उभी काडी, हा सर्वांत साधा अँटेना. ही काडी एकटी अपुरी असते. तिचा उरलेला अर्धा भाग खालचा धातूचा पत्रा पुरवतो, आरशात प्रतिबिंब पडावे तसा. पत्रा जितका सलग आणि अँटेना जितका मधोमध, तितकी ऊर्जा चारी दिशांना सारखी जाते आणि तोच पत्रा आतल्या माणसांवर आडोसा धरतो. छताच्या मध्यावर अँटेना लावा असे जाणकार सांगतात तेव्हा पल्ला आणि सुरक्षितता ही दोन्ही कामे एका भोकात होतात.

लोकांना मात्र टपाला भोक पाडणे जिवावर येते. मग अँटेना बंपरवर जातो, मागच्या काचेवर चिकटतो किंवा खिडकीच्या कडेला क्लॅम्पने अडकतो. बंपरवरचा अँटेना शेजारी उभ्या माणसाच्या बरोबर पोटाच्या पातळीला असतो, आणि काचेवरचा मागच्या सीटवरच्या प्रवाशाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, मध्ये फक्त काच. रेडिओलहरींना काच अडवत नाही. हल्लीच्या गाड्यांना मोठे काचेचे छत असते आणि काहींच्या बॉडीचे भाग फायबरचे असतात, तिथेही आडोसा मिळत नाही. भोक नकोच असेल तर लोहचुंबकाचा बेस पत्र्याच्या मध्यावर ठेवावा, पण गाडी वेगात असताना तो टिकेल एवढा तो जड हवा. बोलणे चालू असताना अँटेनाला हात लावू नये हे तर आलेच. टोकाशी विद्युतदाब बराच चढलेला असतो आणि बोटाला बसणारा चटका छोटा दिसला तरी कातडीखाली खोल जातो.

माझ्या दृष्टीने अँटेनापेक्षा मोठा धोका बॅटरीच्या तारेत आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. ५० वॅटचा संच प्रक्षेपण करताना १० ते १३ अँपिअर प्रवाह ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटची वायरिंग एवढा प्रवाह वारंवार वाहून नेण्यासाठी केलेली नसते, तरी घाईत तार तिथेच जोडली जाते. एखादा सांधा ढिला असला आणि त्याचा रोध अवघा ०.१ ओहम असला, तरी १२ अँपिअरला तिथे १४ वॅट उष्णता तयार होते. एका टाचणीएवढ्या जागेत, गालिच्याखाली किंवा डॅशबोर्डमागे, कोणाला न दिसता. म्हणून तार थेट बॅटरीपासून आणायची, पुरेशा जाडीची घ्यायची आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवायचा. फ्यूज संचापाशी ठेवला तर संच वाचतो, पण बॅटरीपासून संचापर्यंतची सगळी तार उघड्यावर राहते. ती बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या कडेवर घासली आणि आवरण फाटले, तर बॅटरी त्या शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते. पुढे काय होते ते रस्त्याकडेला जळून गेलेली गाडी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्या भोकात रबरी ग्रोमेट बसवणे काही रुपयांचे काम आहे, आणि ते टाळणाऱ्याला मी तरी कारागीर म्हणणार नाही. नव्या गाड्यांत आणखी एक बाब पाहावी. बॅटरीच्या ऋण टोकाला प्रवाह मोजणारा सेन्सर असू शकतो. अशा वेळी संचाची ऋण तार थेट त्या टोकाला न जोडता गाडी उत्पादकाने सांगितलेल्या अर्थिंगच्या जागी जोडतात, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो.

गाडीतल्या संगणकांना या लहरींचा त्रास होतो का? होऊ शकतो. इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांची नियंत्रणे लांबच लांब तारांनी जोडलेली असतात आणि प्रत्येक तार नकळत अँटेनाचे काम करते. युरोपातल्या दहाव्या क्रमांकाच्या नियमानुसार वाहनाला २० ते २,००० मेगाहर्ट्झच्या बहुतांश पट्ट्यात दर मीटरला ३० व्होल्ट इतक्या क्षेत्रात ठेवून तपासतात. आपल्याकडे याच विषयाचे मानक एआयएस-००४ चा तिसरा भाग आहे, आणि पुण्याच्या एआरएआय या संस्थेत अशा चाचण्या होतात. पण ५० वॅटच्या अँटेनापासून एक मीटरवर क्षेत्र दर मीटरला ५० व्होल्टच्या आसपास जाते. म्हणजे चाचणीत पास झालेली गाडीसुद्धा, अँटेना वाटेल तिथे लावल्यास, तिने कधी न सोसलेल्या क्षेत्रात सापडू शकते. अँटेनाची केबल गाडीच्या वायरिंगला समांतर बांधू नये. बसवणी झाल्यावर मोकळ्या जागी, गाडी उभी आणि इंजिन चालू ठेवून प्रक्षेपण करावे आणि डॅशबोर्डवरच्या एकेका दिव्याकडे पाहावे. एबीएसचा दिवा लुकलुकला तर जागा बदलायची, त्यात तडजोड नाही.

संच कुठे बसवायचा हे थोडक्यात सांगता येते. एअरबॅग सेकंदाच्या तीन शतांश भागात फुगते, तेव्हा तिच्या वाटेत संच, माइक किंवा माइकची गुंडाळी काहीही नको. दीड किलोचा संच नुसता डॅशबोर्डवर ठेवला आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक बसली, तर त्याच्यावरचे बल पंचवीस किलो वजनाइतके होऊ शकते. तेव्हा ब्रॅकेट आणि बोल्टच हवेत, चिकटपट्टी चालणार नाही.

आता चालकाकडे वळू. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलीस गाड्यांत रेडिओ आला तेव्हा तो एकेरी होता. शिपाई फक्त ऐकायचे आणि उत्तर द्यायला टेलिफोन शोधायचे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराने गाडीतून उलट बोलण्याची सोय केली, आणि चालत्या गाडीत एक हात माइकवर गेला तो तेव्हापासून. या बोलण्याने अपघात वाढतात का, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २००९ मध्ये ट्रकचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालकांच्या प्रत्यक्ष प्रवासाचे कॅमेऱ्यांनी केलेले चित्रीकरण त्यात तपासले होते. मोबाइलवर संदेश टाइप करणाऱ्यांचा धोका २३ पटींनी वाढला होता आणि कंपनीच्या संदेशयंत्राकडे पाहणाऱ्यांचा सुमारे १० पटींनी. सिटिझन बँड रेडिओवर बोलणाऱ्यांचा धोका मात्र वाढलेला आढळला नाही. डोळे कुठे होते यावर हा सगळा फरक उभा होता. माइकवर बोलताना नजर रस्त्यावर राहते. चॅनल शोधताना, पडद्यावरची अक्षरे वाचताना ती खाली जाते. ताशी ८० किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर खाली गेली की गाडी ४४ मीटर आंधळी धावते.

म्हणून चॅनल आणि आवाज गाडी सुरू करण्याआधीच लावून घ्यावेत. शेजारी कोणी असेल तर संच त्याच्याकडे द्यावा. एकटे असाल तर ‘थांबा, गाडी बाजूला घेतो’ एवढेच बोलावे आणि खरोखरच बाजूला घ्यावी. लांबलचक संदेश, आकडे, पत्ते लिहून घेण्याचे काम चालत्या गाडीत नाहीच. नियंत्रण कक्षातल्या माणसानेही उत्तराची घाई लावू नये. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो. वायरलेसवाल्या खासगी चालकांनी हे कलम मोबाइलपुरतेच आहे असे गृहीत धरू नये.

राहिली जागा. पेट्रोल पंपावर संच बंद ठेवावा. इंधनाच्या वाफेत ठिणगी नको, मग ती ढिल्या जोडणीतली का असेना. एलपीजीवर चालणाऱ्या गाडीत गॅसची टाकी असलेल्या बंदिस्त कप्प्यात संच बसवू नये. सर्वांत गंभीर जागा म्हणजे जिथे सुरुंग लावले जातात ती, दगडखाणी, बोगदे, घाटरस्त्यांची कामे. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरला दोन लांब तारा असतात आणि स्फोटाआधी त्या जमिनीवर पसरलेल्या असतात. अशी तार रेडिओलहरी पकडते. गाडी पुरेशी जवळ आणि तारेची लांबी लहरीला जुळणारी असेल, तर तिच्यात उमटणारा प्रवाह डिटोनेटरमधली बारीक तार तापवू शकतो. तिथे कळ कोणीच दाबलेली नसते. म्हणूनच सुरुंगाच्या परिसराबाहेर ‘रेडिओ बंद करा’ असे फलक लावतात, आणि कुठल्या शक्तीचा संच किती दूर हवा याची कोष्टके स्फोटक उद्योगाने केलेली आहेत. आपल्याकडे स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

त्या फलकापाशी पोचल्यावर ‘मी बटन दाबत नाही’ एवढे पुरत नाही. जुना संच बटन दाबल्याशिवाय गप्प असायचा. आजचे अनेक डिजिटल संच चालकाला न विचारता प्रणालीशी नोंदणी करतात आणि ठरावीक वेळाने गाडीचे ठिकाण कळवतात, आणि त्या क्षणी ते पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करत असतात. खिशातला मोबाइल आणि गाडीला लावलेला जीपीएस ट्रॅकर हेही तेच करतात. त्यामुळे फलकाच्या अलीकडेच गाडी थांबवून संचाची मुख्य कळ बंद करावी, ट्रॅकर बंद करता येत नसेल तर गाडी बाहेरच ठेवावी, आणि पुढे जायचे असेल तर सुरुंगाच्या कामावरच्या जबाबदार माणसाला विचारून चालत जावे.